बर्फाचे संत आणि निफाडची शेकोटी

निफाड तालुक्यात वाढलेल्या माणसाला द्राक्षबाग ही पाहण्याची गोष्ट वाटत नाही. ती फवारण्याची, विरळणीची, सोसायटीचे कर्ज काढण्याची आणि फेब्रुवारीत आभाळाकडे डोळे लावून बसण्याची जागा असते. म्हणूनच, फ्रान्समध्ये ल्वार नदीच्या काठाने आठवडाभर सायकलवरून द्राक्षबागांतून हिंडणार आहे, असे मी दादाला फोनवर सांगितले तेव्हा तो क्षणभर गप्प राहिला आणि मग म्हणाला, "बागाच पाहायच्या तर एवढ्या लांब कशाला? इथं खरड छाटणी झालीय. ये फुटी विरळायला."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पण त्याचीच मुलगी त्या खोऱ्यातल्या तूर शहरात विद्यापीठात शिकत होती, मी बँकेतून नुकताच निवृत्त झालो होतो, आणि नाशिकच्या बऱ्याच सायकलवेड्यांप्रमाणे मलाही मागची काही वर्षे बीआरएमने, म्हणजे ठरल्या मुदतीत लांब पल्ले सायकलने गाठण्याच्या फेऱ्यांनी, झपाटले होते. हे वेड मुळात फ्रेंचांचेच. 'ब्रेव्हे' हा शब्द, वाटेतल्या ठाण्यांवर शिक्के मारून घेण्याचे ते कार्ड, दोनशे किलोमीटरसाठी साडेतेरा तासांची मुदत, हे सगळे पॅरिसच्या ओदाक्स क्लबाकडून आपल्या घाटांपर्यंत येऊन पोहोचले आहे. ज्या देशातून हे घड्याळ आले त्या देशात एकदा घड्याळ न लावता सायकल चालवावी, अशी माझी फार दिवसांची इच्छा होती. ब्लुआ ते सोम्युर, वाटेतली वळणे धरून सुमारे सव्वादोनशे किलोमीटर, आणि त्यासाठी सात दिवस. हा हिशेब ऐकून नाशिकचा एक मित्र म्हणाला, "दिंडीत चाललास तरी याहून फार मागे राहणार नाहीस."

आम्ही ८ मे रोजी ब्लुआहून निघालो आणि पहिलीच चूक तिथे झाली. ८ मे हा फ्रान्समध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या विजयाचा सुट्टीचा दिवस असतो. जवळ दोन केळी आणि आईच्या कृतीने केलेल्या शेंगदाण्याच्या चटणीची एक पुडी होती, आणि गावामागून गावे दारे लावून निजलेली. पुतणीला हे ठाऊक असायला हवे होते, पण तिनेही कॅलेंडर पाहिले नव्हते. "काका, विद्यार्थ्यांना सुट्टी कशाची आहे ते कुठं माहीत असतं, सुट्टी आहे एवढंच माहीत असतं," असे तिने ऐकवले आणि चटणीची पुडी स्वतःच्या बॅगेत टाकली.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. नदीच्या उताराला, म्हणजे समुद्राच्या दिशेने जायचे असल्यामुळे सायकल आपसूक पळेल, असा माझा भाबडा समज होता. ल्वारचा उतार या टप्प्यात इतका मंद आहे की तो पायांना कळतच नाही, आणि अटलांटिकवरून येणारा पश्चिमेचा वारा मात्र सबंध खोऱ्यातून बोगद्यातून यावा तसा समोरून येतो. जाणकार म्हणूनच समुद्राकडून वर येतात, हे आम्हाला तिसऱ्या दिवशी एका जर्मन जोडप्याकडून कळले. ती दोघे पाठीवर वारा घेऊन आमच्या समोरून आली, हात हलवला आणि ढगाच्या सावलीसारखी निघून गेली.

वाट मात्र सुखाची. ल्वार आ व्हेलो या नावाचा हा सायकलमार्ग नव्हेरजवळ सुरू होऊन समुद्रापर्यंत सुमारे नऊशे किलोमीटर जातो. अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या युरोपीय सायकलमार्गाचाच हा एक भाग. ठिकठिकाणी तो नदीच्या बांधावरून धावतो. हे बांध घालण्याचे काम बाराव्या शतकापासून चालत आले आहे, आणि ते का घालावे लागले हे काठावरच्या गावांत भिंतींवर कोरलेल्या पुराच्या रेषा पाहिल्या की समजते. १८४६, १८५६, १८६६ अशी दहा-दहा वर्षांच्या अंतराने तीन मोठी वर्षे. त्यांतली एक रेषा माझ्या खांद्याच्या बरीच वर होती. पंचवटीत नारोशंकराच्या मंदिरापाशी गोदेचे पाणी कुठवर आले हे दर पावसाळ्यात मोजणाऱ्या गावचा मी. तिथे सायकल भिंतीला टेकवून आपोआप थांबलो.

ल्वार ही फ्रान्समधली सर्वांत लांब नदी, हजार किलोमीटरहून किंचित जास्त. पण मे महिन्यात ती काही मोठ्या नदीचा आव आणत नाही. पात्रात वाळूचे लांबट बेट, मध्ये दोन-तीन उथळ धारा, काठाला विलोची झाडे, सपाट तळाच्या काळ्या लाकडी होड्या. मालवाहतूक रेल्वे आल्यावर संपली ती संपलीच. वाळूच्या बेटांवर सुरय पक्षी अंडी घालतात म्हणून विणीच्या हंगामात तिथे पाय ठेवायला बंदी असते. दुर्बीण नसतानाही ते डोके खाली घालून पाण्यात सूर मारताना दिसत होते. नांदूर मध्यमेश्वरला, गोदावरी आणि कादवेच्या संगमावर, मी त्यांचे भाऊबंद लहानपणापासून पाहत आलो आहे. तेव्हा त्यांना नाव असते हेही माहीत नव्हते.

शातोंविषयी, म्हणजे इथल्या जुन्या राजवाड्यांविषयी, मी फार लिहिणार नाही. ते सुंदर आहेत, आणि त्यांच्याविषयी लिहिणाऱ्यांची वाण नाही. आंब्वाजला लिओनार्दो दा व्हिंची १५१९ मध्ये वारला ते घर पाहिले; शेर नदीवर कमानींवर उभे असलेले शनोंसो पाहिले आणि तिथल्या गर्दीतून सायकल हाताने ढकलत बाहेर काढली. खरे सांगायचे तर नवव्या तारखेनंतर मी शातोंकडे पाहणेच सोडून दिले, कारण आंब्वाज सोडून मार्ग नदीकाठावरून पठारावर चढला आणि मोंलुईच्या बागा सुरू झाल्या.

इथे मला प्रथम एक साधी गोष्ट उमगली. आमच्याकडे सायकलवरून द्राक्षबाग दिसत नाही. दिसतो तो मांडव, वाय आकाराचे लोखंडी अँगल, त्यांच्याखालचा गडद गारवा आणि ओळीने उभी खोडे. वेलीचा संसार डोक्यावर असतो. तिथे वेल कमरेएवढीच. खोड गुडघ्याला लागेल इतके ठेंगणे, दोन-तीन तारांवर बांधलेली काडी, आणि सॅडलवर बसलेल्या माणसाची नजर बागेच्या माथ्यावरून थेट पलीकडच्या टेकडीपर्यंत जाते. ओळी रस्त्याला काटकोनात होत्या. ताशी पंधराच्या वेगाने जाताना, दोन ओळींत दीड मीटरचे अंतर धरले तर, सेकंदाला जवळजवळ तीन ओळी उघडतात आणि मिटतात. मोटारीतून त्याचा नुसता हिरवा फराटा होतो. पायी चालणाऱ्याला एकेक ओळ सुटी दिसते. सायकलच्या वेगाला मात्र ती सबंध बाग कंगव्यावरून नख फिरवावे तशी वाजते. मी त्या तीन किलोमीटरच्या रस्त्यावरून, पुतणी वैतागेपर्यंत, दोनदा मागे जाऊन आलो.

मग थांबून ओळीच्या तोंडाशी उकिडवा बसलो. फूट वीतभर झालेली, शेंड्याकडची पाने अजून पोंग्यात मिटलेली आणि त्यांना पांढुरकी लव, तिसऱ्या-चौथ्या पेराशी हिरव्या मोहरीच्या दाण्यांचा गुच्छ असावा तसा घड नुकता दिसू लागलेला. फुलोरा जूनमध्ये. ही जात शेनाँ ब्लाँ. नाशिकच्या वाइनरींमुळे हे नाव आता आपल्याकडेही कानावरून जाते, गंगापूर धरणाच्या परिसरात आणि दिंडोरीकडे तिच्या बागा आहेत. पण तिचे माहेर हे. मी फोटो काढून दादाला पाठवला. उत्तर आले, "घड फारच बारीक. मणी अठरा एमएमचा होईल का?" एकरी दहा टनांचा आणि निर्यातीच्या मण्याच्या व्यासाचा विचार करणाऱ्या माणसाला हे कसे सांगावे की इथे मणी लहान राहावा म्हणूनच खटपट असते, आणि हेक्टरी किती रस काढायचा यावरही कायद्याची मर्यादा असते? मी नुसताच हसरा चेहरा पाठवला.

पंक्चर झाले ते याच पठारावर. मागच्या टायरमधून निघालेला तुकडा मी अजून जपून ठेवला आहे: नखाएवढा, मधाच्या रंगाचा, एका बाजूला काचेसारखी धार असलेला चकमकीचा दगड. व्हुव्रे आणि मोंलुईच्या माळावरची माती अशा चकमकींच्या कपच्यांनी भरलेली चिकण माती आहे. तिला तिथे 'पेरुश' म्हणतात, आणि जिथे चुनखडी जास्त तिला 'ओब्युई'. वाइन चाखणारे लोक या दगडाची चव जिभेवर ओळखू येते असे सांगतात. मला तो टायरमध्ये आधी भेटला. ट्यूब बदलायला घेतली तेव्हा कळले की ज्यांच्याकडून सायकली भाड्याने घेतल्या त्यांनी पिशवीत जाड व्हॉल्व्हची ट्यूब दिली आहे आणि रिमचे भोक बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हचे आहे. दोनशे किलोमीटरच्या बीआरएमला निघताना मी नट-बोल्टही तपासतो, आणि इथे निवांतपणाच्या नादात पिशवी उघडूनही पाहिली नव्हती. आम्ही रस्त्याच्या कडेला चाक मांडीवर घेऊन बसलो असताना क्लबची जर्सी घातलेले, सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ थांबले. आधी "बाँजूर" म्हणाले, आम्ही "बाँजूर" म्हणेपर्यंत थांबले, आणि मगच चाकाकडे पाहिले. या बाबतीत तो मुलूख फार काटेकोर आहे. आमच्या गावच्या पारावर राम राम न करता कोणी सरळ पत्ता विचारला तर जसे तोंड होते तसेच तिथे होते. त्यांनी सॅडलखालच्या पिशवीतून स्वतःची ट्यूब काढून दिली, पैसे घेतले नाहीत, आणि टायरच्या आतून बोट फिरवून आणखी एक कपची बाकी नाही ना ते पाहूनच निघाले. जाताना पुतणीला काहीतरी म्हणाले. ती हसली. "म्हणतात, उद्यापासून तीन दिवस रात्री अंग झाकून झोपा. बर्फाचे संत येताहेत."

११, १२ आणि १३ मे हे तिथल्या पंचांगात मामेर, पांक्रास आणि सर्व्हे या तीन संतांचे दिवस. यांना 'बर्फाचे संत' म्हणतात. ते गेल्याशिवाय थंडी गेली असे मानायचे नाही, कोवळी रोपे बाहेर लावायची नाहीत, आणि बागाईतदाराने निर्धास्त झोपायचे नाही. रोहिणी, मृग, आर्द्रा यांवर भरवसा ठेवणाऱ्या घरात वाढल्यामुळे मला हे लगेच समजले. हवामान खात्याचा अंदाज फोनवर पाहून झाल्यावरही आमचे अण्णा नक्षत्राचे वाहन कोणते आहे ते विचारत असत.

अकरा तारखेला दुपारी आम्ही सामान तूरला ठेवून, नदीच्या उजव्या काठाने रोशकोर्बोंवरून व्हुव्रेला गेलो. डाव्या हाताला डांबरी रस्ता सोडला की पांढऱ्या दगडाचा कडा सुरू होतो. हा त्युफो, चुनखडीचा इतका मऊ प्रकार की करवतीने कापता यावा. खोऱ्यातली शातो, चर्च आणि साधी घरे याच दगडाची, आणि तो काढून काढून कड्यात जी पोकळी झाली तिच्यात कोणी घरे थाटली, कोणी अळिंबी लावली, कोणी वाइनची पिंपे ठेवली. अशा एका तळघरात आम्ही गेलो. बाहेर उन्हाने घाम आलेला, आत वर्षभर बारा अंशांच्या आसपास तापमान; चष्म्यावर वाफ धरली. भिंतीला हात लावला तर पिठासारखी पांढरी भुकटी तळव्याला लागली. मान वर केली तर छतातून द्राक्षाची मुळे लोंबत होती, कारण बाग बरोबर डोक्यावरच्या पठारावर होती. खाली वाइन आणि वर तिची मुळे. तळघराच्या मालकीणबाई, वय साठीचे, हातावर तांब्याच्या औषधाचा निळसर डाग. त्यांनी तीन पेल्यांत एकाच जातीची तीन रूपे ओतली. वर्ष थंड गेले तर कोरडी आणि फसफसणारी वाइन करायची, शरद ऋतू उबदार लाभला तर मणी वेलीवरच सुकू देऊन, चार-पाच फेऱ्यांत वेचून, गोड करायची. काय करायचे हे आपण नाही, वर्ष ठरवते, असे त्या म्हणाल्या. फ्रान्समध्ये मद्याची मर्यादा सायकलस्वारालाही लागू असते, म्हणून मी चाखून पिकदाणीत टाकत होतो. थुंकण्याच्या भांड्यासाठी आपल्याकडे इतका नेमका शब्द असावा आणि तो मला त्या ठिकाणी आठवावा, याची गंमत पुतणीला सांगितली तेव्हा तिला तो शब्दच ठाऊक नसल्याचे निघाले.

वर पठारावर बाईंनी बाग दाखवली, आणि ओळींच्या मधोमध काही अंतराने ठेवलेले पत्र्याचे डबे मी पाहिले. रंगाच्या डब्याएवढे, झाकण बंद. मला वाटले खत असेल. ते मेण होते. रात्री पारा शून्याकडे उतरू लागला की पहाटे दोन-तीनला घरातल्या सगळ्यांनी उठायचे, झाकणे काढायची आणि डबे पेटवत ओळींतून पळायचे. हेक्टरी तीनशे-चारशे डबे. बांधावर उंच खांबाचा एक पंखाही होता, विमानाच्या पात्यांसारखी पाती असलेला. निरभ्र, निवांत रात्री जमिनीतली ऊब आभाळात निघून जाते, थंड हवा जड होऊन सखल भागात साचते, आणि पंधरा-वीस मीटरवरच्या हवेत मात्र अजून दोन-तीन अंशांची ऊब शिल्लक असते. पंखा तीच ऊब खाली ओढतो. एप्रिल २०२१ मध्ये, सात तारखेच्या रात्री आणि नंतरही, फ्रान्सच्या बहुतेक द्राक्षप्रदेशांत असे दव गोठले की नुकती फुटलेली फूट काळी पडली. त्याआधी मार्च उबदार गेला होता, त्यामुळे डोळे लवकर फुटले होते आणि नेमके सापडले. हे बाईंनी फार थोडक्यात सांगितले. बोलताना त्यांनी एका काडीचा शेंडा दोन बोटांत धरला, सोडला, पुन्हा धरला.

मी तिथे उभा होतो आणि डोळ्यांसमोर डिसेंबरातले निफाड होते. राज्यात नीचांकी पारा अनेकदा आमच्याकडे, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर नोंदवला जातो; बातमीत आकडा येतो आणि मुंबईकरांना गुलाबी थंडीची आठवण होते. ज्याच्या बागेत मणी फुगवणीला आलेत त्याला तो आकडा वेगळा दिसतो. फुगवण थांबते, पहाटेच्या गारठ्यात मण्याला तडा जातो, आणि तडा गेलेला मणी पेटीत जात नाही. मग पहाटे तीनला विहिरीवरची मोटर सुरू करून ठिबकने पाणी सोडायचे, कारण विहिरीचे पाणी हवेपेक्षा उबदार असते, आणि बांधाबांधाने छाटलेल्या काड्या, पाचट, भुसा पेटवून धूर करायचा. लहानपणी त्या धुराला मी शेकोटी समजत असे. अंगावर गोधडी, हातात काडीने उलटायचा जाळ, आणि अण्णांचा खोकला. दादा तेव्हा बारा वर्षांचा असेल. त्याला दुसऱ्या टोकाचा जाळ सांभाळायला दिलेला असे, आणि अंधारात त्याची ठिणगी दिसली की तो जागा आहे हे कळायचे. व्हुव्रेच्या बाईंना हे पुतणीने फ्रेंचमध्ये सांगितले. त्यांनी एकच प्रश्न विचारला: "धूर कोणत्या बाजूला जातो?" बागाईतदाराशिवाय हा प्रश्न कोणाला सुचणार नाही.

खाली येताना मी त्यांना ओळीच्या तोंडाशी असलेल्या खोडाचा गाठाळ भाग दाखवून विचारले, कलम कशावर? खुंट अमेरिकन. ते अपेक्षितच होते. १८६० च्या दशकात फिलोक्सेरा नावाची, मुळे खाणारी मव्याच्या जातीची कीड अमेरिकेतून फ्रान्समध्ये आली आणि पुढच्या तीसेक वर्षांत पुष्कळशा बागा वाळल्या. उपायही अमेरिकेतूनच आला: तिथल्या रानवेलींच्या मुळांना ती कीड फारशी बाधत नाही, म्हणून मुळे त्यांची आणि वर फ्रेंच काडी. पण चुनखडीच्या जमिनीत त्यांतल्या पुष्कळ खुंटांवर पाने पिवळी पडू लागली, तेव्हा टेक्सासच्या चुनखडीच्या माळावर वाढणाऱ्या रानवेली कामी आल्या. आमच्या बागांखालचा डॉगरिज हा खुंटही टेक्सासचाच; आम्ही तो किडीसाठी नाही, पाण्याचा ताण आणि खारवट जमीन सोसतो म्हणून लावतो. म्हणजे व्हुव्रेची बाग आणि पिंपळगावची बाग, दोघींचे पाय एकाच रानात आहेत.

असाच दुसरा धागा मोरचूद-चुन्याचा. आमच्याकडे पावसाळ्यात पानांवर डावणी हा बुरशीचा रोग दिसला की पहिल्यांदा तोंडात येणारे नाव 'बोर्डो'. बोर्डो हे गाव आहे हे मला कॉलेजात जाईपर्यंत माहीत नव्हते. ते औषधाचे नाव होते, निळ्या बादलीचे. बोर्दोजवळच्या मेदोकमध्ये रस्त्याकडेच्या ओळींतले घड येणारे-जाणारे तोडून खात, म्हणून बागवाले त्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचा घाणेरडा दिसणारा निळा थर शिंपडत. १८८२ साली प्राध्यापक मियार्दे यांच्या लक्षात आले की आतल्या ओळींची पाने डावणीने गळली असताना या रस्त्याकडच्या ओळी मात्र हिरव्या आहेत. तीन वर्षांनी त्यांनी ते मिश्रण जाहीर केले. रस्त्यावरून जाणाऱ्याच्या भयाने लागलेला हा शोध मला सायकलवर बसून आठवला, आणि मोंलुईच्या बागेत ओळीच्या तोंडाशी बसताना माझे हात कुठे होते तेही आठवून पाहिले.

त्यानंतरचे दोन दिवस भराभर गेले. व्हिलांद्रीच्या बागेत कोबी आणि बीटसुद्धा रांगोळीसारखे मांडतात. आव्हुआनच्या अणुवीज केंद्राची वाफ बांधावरून दूरपर्यंत दिसत राहते आणि नदी या सगळ्यांना पाणी देते, याचाही उल्लेख केला पाहिजे. पर्यटनाच्या चित्रांत ती वाफ नसते. शिनोंमध्ये पांढरी शेनाँ संपून तांबडी काबर्ने फ्राँ सुरू झाली. तिला तिथे 'ब्रेतों' म्हणतात. मला तिची चव ओल्या मातीची आणि ढोबळ्या मिरचीची वाटली, आणि तसे म्हणणे तिथे अपमान समजला जात नाही.

खाण्याचे दोन पदार्थ मात्र सोडवत नाहीत. एक सँत-मोरचे बकरीच्या दुधाचे चीज: लांब ओंडक्यासारखे, वरून राखेने करडे, आणि मधून आरपार राय या धान्याची काडी घातलेली. काडीने ते मोडत नाही, आणि त्या काडीवर ते कोणी केले याची खूण कोरलेली असते. दुसरा फुए, म्हणजे भट्टीत फुगवलेली लहान पोळी. सोम्युरच्या अलीकडे, कड्यात कोरलेल्या एका खाणावळीत लाकडाच्या भट्टीसमोर एक पोरगा कणकेच्या वाटोळ्या लाट्या आत सरकवत होता. अर्ध्या मिनिटात ती टम्म फुगली, त्याने लांब फावड्याने ओढून टोपलीत टाकली, आणि आम्ही तिचा पापुद्रा फोडून आत पांढऱ्या घेवड्याची उसळ आणि लोणी भरले. मी शाकाहारी आहे म्हटल्यावर बहुतेक फ्रेंच खाणावळींत येणारी सहानुभूती तिथे आली नाही. पुतणीने बॅगेतून शेंगदाण्याची चटणी काढली. ती सातव्या दिवसापर्यंत पुरली होती, हे मला त्याच वेळी कळले.

काँदला व्हिएन नदी ल्वारला मिळते. संगमावर चर्च आहे आणि संत मार्तिन इथे ३९७ साली वारला. त्याच्या गाढवाची गोष्ट पुतणीने रस्त्यात सांगितली. मार्तिनने गाढव बागेशी बांधले, त्याने वेली खोडापर्यंत कुरतडल्या, साधू शरमले. पण पुढच्या वर्षी त्याच वेलींना सर्वांत चांगले घड लागले, आणि तेव्हापासून लोक छाटणी करू लागले. ही कथा आहे, पण छाटणीचा शोध गाढवाला बहाल करणाऱ्या लोकांविषयी मला आपुलकी वाटली. मी ती दादाला फोनवर सांगितली. तो म्हणाला, "आपल्याकडं वर्षात दोनदा छाटावं लागतं. तुझ्या त्या गाढवाला परवडायचं नाही." ते खरे आहे. तिथे वेल हिवाळ्यात झोपते, निष्पर्ण होते, आणि एकदाच छाटून भागते. आमची वेल कधी नीट झोपत नाही. एप्रिलला खरड छाटणी करून तिला काडी करायला लावायची, ऑक्टोबरला गोडी छाटणी करून फळाला लावायची, आणि दोन्ही छाटण्यांतून पीक एकच.

चौदा तारखेला सकाळी, मोंसोरो सोडून तुर्कांकडे जाताना, चढावरच्या एका बागेत ट्रॅक्टरची ट्रॉली उभी दिसली. एक माणूस आणि त्याची दोन मुले ओळींतून मेणाचे डबे उचलून ट्रॉलीत रचत होती. काही काजळलेले, बरेचसे न पेटवलेले. संत गेले होते. पुतणीने बांधावरून "बाँजूर" म्हटले, त्यांचे "बाँजूर" आल्यावर चौकशी केली आणि तिथूनच तिच्या वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. नाशकात दुपार होती. दादा मांडवाखाली उभा होता, खांद्यावर पंचा, मागे फूट विरळणाऱ्या बायकांचे आवाज. त्या माणसाने कॅमेऱ्यासमोर एक डबा धरला, झाकण काढून आतले मेण दाखवले. दादाने चष्मा वर करून पाहिले.

"अप्पा, हा एक डबा रात्रभर जळतो."

"केवढ्याला?"

तिने विचारले. त्याने बोटे दाखवली, नऊ युरो.

दादाने ओठ हलवून हिशेब केला. हेक्टरी चारशे धरले असावेत, कारण त्याला वेळ लागला.

"त्याला म्हणावं, काड्या जाळ," तो म्हणाला. मग फोन जरा जवळ आणून त्याने त्या माणसाकडे नीट पाहिले आणि पुतणीला विचारले, "यंदा वाचली का बाग?"

तिने फ्रेंचमध्ये विचारले. तो माणूस ट्रॉलीकडे, मग वर आभाळाकडे पाहून म्हणाला, गारा राहिल्या आहेत अजून.

ते मराठीत सांगण्याआधीच दादा मान हलवत होता.